सहाव्या दिवशी फोन आला होता

सुजाता,

तू जाऊन सात आठवडे झाले आणि तुझं एक उत्तर माझ्याकडे अजून पडून आहे. ते तू तीनदा मागितलंस. एकदा न्यू लिनच्या तुझ्या ऑफिसात, एकदा स्टेशनच्या फलाटावर, आणि शेवटचं हॉस्पिटलच्या खाटेवरून, डोळे मिटून. तिन्ही वेळा मी तुला सांगितलं की त्या दिवशी मी कपडे धूत होते.

तुझ्या पुण्यानुमोदनाला हॉल भरला होता. लोक चांगलं बोलले. तू या परक्या देशात, पामर्स्टन नॉर्थला शिकायला कधी आलीस, दुधाची पावडर सोडून कायद्याकडे कशी वळलीस, सगळं आलं. एका गृहस्थांनी तर तुझ्या पावडरीवरच्या प्रबंधाचं पूर्ण शीर्षक वाचून दाखवलं. तू शेजारी असतीस तर टेबलाखालून माझ्या पायावर पाय मारला असतास. मग सगळे मिळून पंचशील म्हणायला लागलो. पहिली तीन शीलं मी खणखणीत आवाजात म्हटली. जीव घेतला नाही, चोरी केली नाही, आणि तिसऱ्याचा या वयात प्रश्न येत नाही. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं, आणि मी नुसते ओठ हलवले. शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू आलं. त्यांनी टिश्यू पुढे केला. मी तो घेऊन डोळ्यांना लावला, म्हणजे त्या दिवशीचं तेही एक खोटंच.

तेव्हा आता सांगते. पण पहिल्यापासून सांगते. तुला माहीत असलेलंच पुन्हा ऐकावं लागेल. चिडू नकोस, जबाबात सगळं क्रमाने यायला हवं हे तूच मला शिकवलंस.

आपली ओळख भांडणातून झाली. बुद्धजयंतीचा कार्यक्रम होता, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, आणि मी माझ्या वांग्याच्या भाजीपाशी उभी राहून पाच-सहा जणांना स्वतःची कीर्ती ऐकवत होते. एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात नोकरी, त्यातली बरीचशी फाइलिंगच्या खिडकीवर. अपील आलं की मी आधी तारखा मोजायची. एक दिवस जरी जास्त झाला तरी लाल शाईने ‘मुदतबाह्य’ असा शेरा. विलंब माफीचा अर्ज जोडल्याशिवाय कागद पुढे सरकायचा नाही, आणि त्या अर्जात एकेका दिवसाचं कारण हवं. “माझ्या हातून एकही उशिराचं अपील निसटलं नाही,” असं मी म्हणाले आणि मागून तुझा आवाज आला, “म्हणजे माझा शत्रुपक्ष इथे भाजी वाढतोय होय? मावशी, भाजी मात्र फार छान झालीय.”

मग मी तुला माझा आवडता किस्सा सांगितला. सव्वीस वर्षांची मी, नुकती परमनंट झालेली, इस्त्रीची कॉटनची साडी, केसांत पेन्सिल खोचलेली. एक वयस्क गृहस्थ अपील घेऊन आले, तीन दिवस उशिरा. म्हणाले, बाई, घरचं माणूस गेलं, बायको. मी विचारलं, कुठल्या तारखेला? त्यांनी सांगितली. मी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, “मग त्यात दोनच दिवस बसतात. तिसऱ्याचं काय?” हे मी अभिमानाने सांगायची गं! डबा खाताना सांगितलं, लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्यालाही सांगितलं. ते ऐकूनही त्या माणसाने लग्न मोडलं नाही, याचं मला आता नवल वाटतं.

तू हसली नाहीस. विचारलंस, “तिसऱ्या दिवशी ते काय करत होते?”

“मला काय माहीत?”

“विचारलं नाहीत?”

“ते माझं काम नव्हतं.”

तू माझ्या ताटात आणखी भात वाढलास आणि त्या दिवसापासून मला शिरस्तेदारबाई म्हणायला लागलीस. मी शिरस्तेदार कधी झालेच नव्हते. बढतीच्या आधीच रिटायर झाले. पण तुला तसं सांगितलं नाही. ऐकायला बरं वाटायचं.

त्यानंतरच्या वर्षी शिरीनच्या नावाचं पत्र आलं. तिचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, देशाचंही नाही, आणि तिच्या हकिकतीतले तपशील थोडे फिरवलेत. संरक्षण मागणाऱ्या माणसाची ओळख बाहेर फुटू द्यायची नाही, हे तू माझ्याकडून घोकून घेतलं होतंस. शिरीन मनुरेवाला आमच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, घरामागच्या स्लीपआउटमध्ये भाड्याने राहायची. गॅरेजला लागून एक खोली, एक सिंक, दाराशी तिने लावलेला पुदिना. तिच्या देशात ती नर्स होती. मोर्चावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा हॉस्पिटलात आलेल्या जखमींची तिने यादी केली आणि ती बाहेर पोचवली. यादीतलं अक्षर तिचं होतं. तिच्याबरोबर काम करणाऱ्या दुसऱ्या नर्सला एके सकाळी उचललं, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. शिरीन इथे आली, इथल्या सरकारकडे संरक्षण मागितलं. वकील नव्हता. फॉर्म तिनेच भरला आणि पत्ता आमचा दिला. मुलाखत झाली, निकाल यायला वेळ लागणार होता. तेवढ्यात किवीफळांचा हंगाम सुरू झाला आणि ती बे ऑफ प्लेंटीत एका पॅकहाउसला फळं खोक्यांत भरायच्या पाच आठवड्यांच्या कामाला गेली.

ती गेली आणि आठवड्याभरात रजिस्टर्ड पत्र आलं. घरी मी एकटी. कुरिअरवाल्याने विचारलं, “सही कराल?” आणि काय सांगू, माझ्यात खिडकीवरची ती बाई जागी झाली. त्याच्या यंत्राच्या काचेवर मी बोटाने पूर्ण नाव लिहिलं आणि खाली तारीख-वेळ घालायला जागा शोधू लागले. तो म्हणाला, “यू आर ऑल गुड.” मी म्हणाले, “नो, नो, डेट इज इम्पॉर्टंट.” किती खरं बोलले होते, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. त्याच तारखेपासून शिरीनची मुदत चालू झाली.

दुसऱ्याच्या नावाचा लखोटा फोडायचा नाही हा माझा नियम. आणि महत्त्वाचे कागद बुद्धाच्या मूर्तीमागे ठेवायचे हा आमच्या घरचा रिवाज. पासपोर्ट तिथे, नातीचा जन्मदाखला तिथे, लेकीच्या घराचे कागदही तिथेच. पत्र मी मूर्तीमागे नीट उभं करून ठेवलं. रोज सकाळी मेणबत्ती लावून मी वंदना म्हणत होते आणि मूर्तीच्या पाठीमागे त्या पोरीचे दिवस संपत होते.

शिरीन परतली तेव्हा मी तिला ते पत्र दोन्ही हातांनी दिलं. तिने उभ्याउभ्याच वाचलं. एका तारखेवर त्यांचा विश्वास बसला नव्हता, म्हणून बाकीच्या गोष्टीवरही नाही. नकार. मी धीर दिला, “अपील करू. नव्वद दिवस असतील, नीट बघ.” तिने कागदावर बोट ठेवलं. दहा. कामाचे दहा दिवस. ते केव्हाच संपले होते.

तुला फोन लावला तेव्हा मी म्हणाले, “सुजाता, माझ्या ओळखीतल्या एकीचं अपील जरा उशिराचं आहे.”

“जरा म्हणजे किती, शिरस्तेदारबाई?”

तू तीन दिवसांत कागद तयार केलेस. तरी अकरा कामाचे दिवस उशीर झालाच. ईस्टरची सुट्टी मोजायची नव्हती म्हणून अकरा, नाहीतर तेरा. अपील ऐकणाऱ्या मंडळींना विशेष परिस्थिती दिसली तर ते मुदत वाढवून देऊ शकतात, असं तू सांगितलंस. म्हणजे आमचा विलंब माफीचा अर्जच, फक्त इंग्रजीत. आणि एकेका दिवसाचं कारण मागायला तू मलाच समोर बसवलंस.

तुझी पद्धत मला फार आवडली होती. मोठ्या कोऱ्या कागदावर तू दिवसांचे चौकोन आखायचीस, प्रत्येक दिवसाला एक, आणि माणसाला म्हणायचीस, भर. पहिल्या चौकोनात मी लिहिलं, सही केली. दुसऱ्यात, नातीला पोहायला नेलं, टॉग्ज, म्हणजे तिचे पोहायचे कपडे, घरी विसरले म्हणून परत आले. तिसऱ्यात, डेअरीवर दूध आणायला गेले, गुडघा दुखला. पाचव्यात, दोन दिवस पाऊस लागला. सहाव्यात, कपडे धुतले.

तू पेन उचललंस. “दोन दिवस पाऊस लागला होता ना? मग सहाव्या दिवशी कपडे का धुतलेत?”

“धुतले. वाळत घातले नाहीत.”

“मावशी, सहाव्या दिवशी काय झालं?”

“सांगितलं ना, कपडे.”

तू पेन खाली ठेवलंस. मी ते प्रतिज्ञापत्र ‘अफर्म’ केलं. कुठल्या ग्रंथावर हात न ठेवताही खरं बोलायचं वचन देता येतं, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. फार चांगली सोय आहे, असं मी तुला म्हणालेसुद्धा.

सहाव्या दिवशी फोन आला होता, सुजाता. शिरीनचा, पॅकहाउसमधून. मागे पट्ट्यांचा खडखडाट चालू होता.

“आजी, माझं काही पत्र आलंय?”

मी मूर्तीकडे बघितलं. म्हणाले, “खास काही नाही. तू काम कर.”

“सरकारचं काही?”

“आलं की मी सांगेनच ना. नीट जेवतेस का?”

बास. एवढाच फोन. पाठोपाठ माझी नात, वय वर्षे अकरा, सोफ्यावरून म्हणाली, “आजी, दॅट्स लिटरली लायिंग.” मी तिला म्हटलं, मोठ्यांच्या बोलण्यात पडू नये. घरातलं सगळं तिच्या कानावर असतं, हे मी सोयीने विसरते.

का केलं असं? हंगामाचं काम सोडून ती धावत येऊ नये, असं मनात होतं, हे खरं. अपिलाला महिनोन्‌महिने असतात, तेव्हा घाई काय, असंही होतं. आमच्या खिडकीवर तीस, साठ, नव्वद असे भरभक्कम आकडे असायचे, आणि जगात सगळीकडे तसंच असणार असं मला वाटलं. पण हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं असं की ती परत आल्यावर मी तिला ऐटीत पत्र देणार, शेजारी बसवणार आणि पुढे काय करायचं ते समजावून सांगणार, असं चित्र मी रंगवलं होतं. कित्येक वर्षांत कुणी मला कोर्टातलं काही विचारलं नव्हतं गं. लेकीच्या घरी मी आजी होते, वरण-भात होते, शाळेतून आणणारी होते. त्या लखोट्याने मला पुन्हा खिडकी दिली. ती मी चार आठवडे कुणालाच द्यायला तयार नव्हते.

मुदत वाढवायला नकार आला तेव्हा मी तुझ्या ऑफिसात होते. दर बुधवारी यायला लागले होते ना मी, दोन ट्रेन बदलून, पानांना नंबर घालायला. तुला वाटायचं मी कायद्याच्या ओढीने येते. निम्म्याहून जास्त मी अपराधाच्या ओढीने येत होते. तू निकाल मोठ्याने वाचलास. त्यात एक वाक्य होतं, की पत्र येणार हे माहीत असताना अर्जदाराने त्याची चौकशी केल्याचं कुठे दिसत नाही. शिरीन माझ्या शेजारी होती. ती जमिनीकडे बघत राहिली. मीही.

खाली रस्त्यावर आल्यावर मी तिला विचारलं, “तू फोन केला होतास. का नाही सांगितलंस?”

“तुम्ही नाही सांगितलंत म्हणून.”

“अगं, मी मूर्ख आहे. पण तू?”

ती म्हणाली, “आमच्या देशात ज्याच्या घरात कागद सापडतो त्याला आधी उचलतात. मला वाटलं तुम्हाला नेतील.”

सव्वीस वर्षांच्या त्या पेन्सिलवाल्या बाईला मी हे वाक्य ऐकवू शकले असते तर काय झालं असतं, याचा मी अनेकदा विचार करते. बहुतेक तिने विचारलं असतं, याला पुरावा काय.

मग तू म्हणालीस, हायकोर्टात जाऊ, ज्युडिशियल रिव्ह्यू. मला हे प्रकरण काय आहे ते समजून घ्यायचं होतं. न्यायाधीश शिरीनची गोष्ट ऐकणार का? नाही. ती खरी की खोटी ते ठरवणार का? नाही. मग करणार काय? तू म्हणालीस, आधीच्यांनी निर्णय कसा घेतला तेवढं तपासणार. मी म्हणाले, “म्हणजे पोळी खाऊन बघणार नाहीत, लाटताना पीठ घेतलं होतं का तेवढं विचारणार.” तू इतकी हसलीस की खोकला लागला. तो खोकला पुढे कशाचा निघाला ते आपल्याला तेव्हा माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी न्यू लिनच्या फलाटावर मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि समजा, एखादी नवीन गोष्ट कुणाला आठवली तर?”

“आता उपयोग नाही. त्यांच्यासमोर जे होतं, साधारण त्यावरच सगळं चालतं. का? काय आठवलं?”

“काही नाही गं.”

“सहावा दिवस?”

“कपडे, सुजाता.”

ट्रेन आली. मी खिडकीपाशी बसले आणि मला सुटल्यासारखं वाटलं, हे तुला कबूल करते. माझ्या खऱ्या बोलण्याचीच मुदत टळली होती. आता बोलून उपयोग नाही, असं खुद्द वकिलानेच सांगितलं होतं. इतक्या वर्षांत उशीर झाल्याचा आनंद मला पहिल्यांदाच झाला. मनुरेवा येईपर्यंत तो आनंद टिकला नाही.

हायकोर्टात तू डोक्याला निळा स्कार्फ बांधून आलीस आणि बसून बोलायची परवानगी मागितलीस. शिरीनला निकाल लागेपर्यंत विमानात बसवणार नाहीत, हे तू आधीच लिहून घेतलं होतंस. तुझं म्हणणं साधं होतं. उशीर किती झाला आणि का झाला, हे त्यांनी मोजलं. दार बंद केलं तर या बाईचं काय होईल, ते पारड्यात घातलंच नाही. मग सरकारी वकील उठले. तरुण होते, अदबशीर. म्हणाले, मुदत प्रत्येकासाठी वाकवली तर मुदतीला अर्थ राहणार नाही. आणि मी मागच्या बाकावर मान डोलावली. सवयीने! शिरीनने माझ्याकडे असं बघितलं की मी मान तिथेच धरून ठेवली.

जेवणाच्या सुट्टीत तुला ते सांगितलं. वाटलं, रागावशील. तू सँडविच पुढे सरकवलंस. “पण तुम्ही बरोबरच आहात. मुदत हवीच.”

“मग भांडतेस कशाला?”

“मुदत चुकली की काय जातं ते बघून भांडते. तुमच्या खिडकीवर बांध जायचा, घर जायचं. वाईटच. पण ते कधीतरी परत मिळू शकतं.”

“आणि सगळेच म्हणायला लागले की आमचा जीव जातो?”

“मग सगळ्यांचं ऐकायचं.”

“कोर्ट चालायचं कसं?”

“हळू चालेल,” तू म्हणालीस आणि टोमॅटो काढून माझ्या बशीत ठेवलास. हे भांडण तिथेच राहिलं. मी अजून हरलेले नाही, ऐकतेस ना? हळू चालणाऱ्या कोर्टाने किती माणसं मारली ते मी जवळून पाहिलंय, त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. मला ते हवं होतं. तुझ्याकडे असणार, अशी माझी खात्री होती. अजून आहे.

निकाल राखून ठेवला आणि तू हॉस्पिटलात गेलीस. तिथे मी रव्याची खीर घेऊन आले होते, तू दोन चमचे खाल्लीस. डोळे मिटून म्हणालीस, “सहावा चौकोन, मावशी.” खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, “कपडे धुतले गं.” तू म्हणालीस, “बरं.”

त्या ‘बरं’मध्ये काय होतं? सात आठवडे मी त्यावर डोकं चालवतेय. तुला कळलं होतं का? पाऊस आणि कपडे यांचं गणित तुझ्यासारखीला चुकणार नाही. मग तू जोर का लावला नाहीस? वकील म्हणून कळलं असतं तर तुला काही करणं भाग पडलं असतं, म्हणून? की तू मला वेळ देत होतीस, मुदत वाढवून? की नुसती दमली होतीस आणि खीर गोड झाली होती? उत्तर मिळणार नाही हे मला समजतं. पण प्रश्न काही जात नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा असं मला वाटतही नाही. तो आहे तोवर मी तुझ्याशी बोलतेय.

तू गेलीस आणि बाराव्या दिवशी निकाल आला. तुझ्या ऑफिसातल्या ज्युनिअर वकिलाचा, अरोहाचा, फोन आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत होते. ती आधी “किआ ओरा, आंटी” म्हणाली, तिच्या भाषेतला नमस्कार, आणि मग नाक ओढायला लागली, त्यावरून मला वाटलं आपण हरलो. पण न्यायाधीशांनी तुझं म्हणणं मान्य केलं होतं. मुदत वाढवायची की नाही हे पुन्हा, पहिल्यापासून ठरवा, आणि या वेळी परत पाठवण्यातला धोकाही तोला, असं लिहिलं होतं. शिरीनचं खरं आहे, असं कुठेही म्हटलं नव्हतं. पोळी कुणी चाखलीच नव्हती. अरोहा पुढे म्हणाली, “आता नव्याने ठरवणार, म्हणजे नवा पुरावा देता येईल. तुमच्याकडे काही आहे का?”

माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. मी म्हणाले, “आहे.”

तुझ्या खुर्चीत अरोहा बसली होती. तुझे चौकोन आखायला ती शिकलीय. तिने कागद पुढे केला आणि मी सहावा चौकोन भरला, फोन, नातीचं वाक्य, सगळं. आधीच्या प्रतिज्ञापत्रात मी हे का लपवलं, तेही. अरोहाने वाचलं आणि कागद फाइलला लावला.

मी विचारलं, “मला आत टाकतील का?”

“आंटी, तुम्हाला प्रश्न विचारतील. कडक विचारतील. आधी खोटं बोललात, आता का विश्वास ठेवायचा, असं म्हणतील.”

“विचारू देत. मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.”

“घाबरलात?”

“खूप.”

“स्वीट अ‍ॅज,” ती म्हणाली, इथल्या बोलीत ‘झकास’, आणि हसली. “म्हणजे खरं लिहिलंय.”

मग शिरीनने तिचं लिहिलं. ‘मी फोन केला होता, मी विचारलं होतं, मला नाही असं सांगण्यात आलं.’ तिने ‘आजींनी सांगितलं’ असं लिहायला नकार दिला. अरोहाने समजावलं, मी समजावलं. शेवटी मीच पेन घेऊन तिच्या हाताशी आपटलं, “लिही! आजींनी खोटं सांगितलं. स्पेलिंग नीट कर.” तिने लिहिलं. मग तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघी तुझ्या त्या डुगडुगत्या टेबलापाशी बसून राहिलो. तू असतीस तर आम्हाला उठवून पानांना नंबर घालायला लावले असतेस.

प्रश्न विचारले त्या अपील ऐकणाऱ्या मंडळींनी. कडकच होते. एक बाई फार सभ्यपणे म्हणाल्या, तुम्ही एकतीस वर्षं मुदतींचं काम केलंत, तरी तुम्हाला मुदतीचं गांभीर्य कळलं नाही? मी म्हणाले, मॅडम, मला फक्त मुदतीचंच कळत होतं. माणूस खिडकीच्या पलीकडे असायचा.

परवा कळवलं. मुदत वाढवून दिली. अकरा दिवस माफ.

सुजाता, आनंदाने नाचायचं असेल तर हळू नाच. तिला संरक्षण मिळालेलं नाही. पुढच्या मंगळवारी तिचं अपील ऐकणार आहेत, म्हणजे ती परत गेली तर तिचं काय होईल, हा प्रश्न तेव्हा कुठे उघडणार आहे. इतक्या महिन्यांची सगळी लढाई तिला बोलायला मिळावं एवढ्यासाठीच होती. तिथे ती हरू शकते. अरोहाने हे तिला दोनदा सांगितलं आणि तिने दोनदा मान हलवली. सुनावणी बंद दारामागे असते, मला आत जाता येणार नाही.

काल दुपारी शिरीन चहाला आली. मुदत, पत्र, फोन, यांवर आम्ही इतकं बोललोय की माझ्या लक्षात आलं, बाकी काही मी तिला विचारलेलंच नाही. ज्या यादीपायी ती इथवर आली, त्या यादीबद्दलसुद्धा नाही. म्हणून विचारलं, “त्यात कोण कोण होतं?”

तिने कप खाली ठेवला. म्हणाली, सगळे सांगू? मी म्हणाले, सगळे. मग ती सांगायला लागली. नाव, वय, गोळी कुठे लागली, बरोबर कोण आलं होतं. एक बेकरीवाला. दोघी बहिणी, धाकटीच्या पायात एकच चप्पल. एक शाळामास्तर, जो पट्टी बांधताना तिलाच धीर देत होता. तारखा ती न अडखळता सांगत होती, आणि त्या जुळतात की नाही हे मी मोजलं नाही. चहावर साय आली. लेक कामावरून आली, दारात थांबून म्हणाली, “आई, काय चाललंय?” मी तिला हाताने गप्प केलं. शिरीनची नावं अजून संपली नव्हती.